जानेवारीत कसलं ऊन

माझा आवाज मोठा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. दुबईत अल कुसैसमधल्या एका शाळेच्या बसवर मी मुलं सांभाळते. आमचे ड्रायव्हर यहयाभाई पेशावरचे. ते म्हणतात, "कावेरी बहन, आप हो तो हॉर्न की क्या जरूरत है?" बसमधली पोरं माझ्याशी इंग्रजीत उलट बोलतात, मी मराठीतच ओरडते. "खाली बस रे मेल्या" म्हटलं की केरळचं पोरगंसुद्धा गपकन खाली बसतं. भाषेचं काही नसतं, आवाज लागतो.

हा आवाज मी काव्यावर तयार केला. काव्या माझ्या धाकट्या बहिणीची, संजनाची, एकुलती एक मुलगी. आडनाव होफर. बाप ऑस्ट्रियाचा. गावी वेंगुर्ल्याकडे अजून सगळे ऑस्ट्रेलियाच म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. संजना देराच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती आणि थॉमस तिथल्या लिफ्ट बसवायला आला होता. लिफ्ट बसल्या, तरी हा बाबा तिथेच. आमची संजना दिसायला होतीच तशी. बरं, माणूसही निघाला लाखात एक. हाताने वरण-भात कालवायला शिकला, अजून काय पाहिजे?

दोघं कामावर, म्हणून काव्या दिवसभर माझ्याकडे. मला मूल नाही. तेव्हा मी नोकरी करत नव्हते, काव्या हीच माझी नोकरी. आमच्या बिल्डिंगमागे रेतीचा मोकळा प्लॉट होता, लोक तिथे वाट्टेल तशा गाड्या लावायचे आणि त्या गाड्यांमध्येच पोरांचा फुटबॉल चालायचा. पोरं म्हणजे सगळे मुलगे, आणि त्यात ही एक, भुरकट वेणीवाली. मी दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत. फोडणी करता करता माझा एक डोळा खाली. गाड्या रिव्हर्स घेणाऱ्या मेल्यांना मागचं दिसतंय कुठे! म्हणून माझं आपलं चालूच, "काव्या, मागे बघ! गाडी! काव्या, मागे बघ!"

इतकं ओरडले, इतकं ओरडले, की त्या पोरीच्या मानेलाच सवय लागली. बॉल तिच्याकडे यायला लागला की आधी मान डावीकडून मागे, मग उजवीकडून मागे, आणि मग बॉल पायात. खिडकीतून हाक येवो न येवो.

पुढे ती ऑस्ट्रियात फुटबॉल शिकायला लागली तेव्हा तिच्या कोचने थॉमसला बोलावून विचारलं होतं, हे हिला कुणी शिकवलं? ती मधल्या फळीत खेळते. मधल्या फळीतल्या मुलीला म्हणे बॉल येण्याआधीच कळलं पाहिजे की आपल्या पाठीमागे कोण उभं आहे. मोठमोठ्या खेळाडूंना ते जमत नाही, आणि ही चौदा वर्षांची पोर श्वास घ्यावा तसं करते. थॉमसने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, कोचला सांग, अल कुसैसला ये, खिडकी दाखवते.

मधली फळी म्हणजे काय ते मला काव्यानेच समजावलं होतं. मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. मॅचभर सगळ्यात जास्त पळायचं, गोल दुसरीने मारायचा, फोटो तिसरीचा यायचा. मी म्हटलं, अगं मग हे घरातल्या बाईचंच काम झालं की! ती इतकी हसली होती.

आता वाईट भाग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या घराण्याला ऊन बाधतं. असंच म्हणायचे आमच्याकडे, एखाद्या घराला खोबरं बाधतं म्हणावं तसं. आमचे वडील, अण्णा, भर वैशाखात आंब्याच्या कलमांना पाणी घालता घालता आडवे झाले, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. ऊन लागलं. माझा भाऊ गणूदादा इकडे शारजात साइटवर होता. जुलै महिना, सेंटरिंगचं काम, शिडी चढता चढता खाली आला. ऊन लागलं. आणि संजना. जूनमध्ये काव्याला आणायला शाळेत गेली, पार्किंगमधून फाटकाकडे चालत होती. फाटकात काव्या उभी, दप्तर पाठीला लावून, आईकडे बघत. आठ वर्षांची. तिच्यासमोर संजना खाली बसली आणि मग कलंडली. हॉस्पिटलवाले म्हणाले, हार्ट बंद पडलं, बाहेर उष्णता किती आहे बघा. दुबईत, जूनमध्ये, भर दुपारी गेलेल्या बाईबद्दल कुणाला शंका येणार? आम्हाला तर आलीच नाही. आमचं उत्तर तयार होतं.

त्यानंतर मी उन्हाशी वैरच धरलं. काव्याला टोपीशिवाय बाहेर सोडायची नाही. फ्रीजमध्ये कोकम सरबताची बाटली कायम. आणि कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात आमच्याकडे. फुटबॉलच्या चड्डीला खिसा नसतो, म्हणून मी लहानसा कांदा रुमालात गुंडाळून तिच्या मोज्यात खोचायची. पोरं नाक धरायची, "Kavya, you stink!" ती मात्र ऐटीत म्हणायची, "It's medicine."

तेरा संपून चौदावं लागलं तेव्हा थॉमस तिला घेऊन ऑस्ट्रियात लिंझला गेला, त्याच्या आईकडे. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आणि खरं सांगू? आतून जीव भांड्यात पडला होता. तिकडे ऊनच नाही! सहा महिने बर्फ, उन्हाळ्यातही लोक जाकीट घालतात. पोर वाचली, असं मी स्वतः आमच्या देवासमोर म्हटलेलं आहे. पहिल्या हिवाळ्यात तिने फोटो पाठवला होता. बर्फाचं मैदान, नाक लाल, आणि हातात एक एवढासा कांदा. तिने सवय सोडली नव्हती. मॅचच्या दिवशी बॅगेत कांदा हवाच. तिथल्या मुली हसतात, पण म्हणे आता कांदा विसरली तर त्याच आठवण करतात.

तर अशी ही माझी काव्या. वीस वर्षांची. तिथल्या लीगमध्ये खेळत होती, एकोणीस वर्षांखालच्या ऑस्ट्रियाच्या टीममध्ये खेळून झालं होतं. आणि ह्या जानेवारीत तिचा क्लब थंडीतल्या कॅम्पसाठी दुबईला आला, कारण तिकडे मैदानं गोठलेली असतात. मला कळलं तेव्हा मी बसमध्ये होते. मी अशी किंचाळले की यहयाभाईंनी ब्रेक मारला.

रविवारी त्यांची दुसऱ्या एका क्लबशी सरावाची मॅच होती, सिलिकॉन ओएसिसच्या पलीकडे एका मैदानावर. मी आणि आमचे हे, नागेश, टॅक्सीने गेलो. डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या. त्या दिवशी वारा इतका गार होता की ह्यांनी स्वेटर चढवून वर मफलर गुंडाळला होता. गावी कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, हे दुबईहून आले की काश्मीरहून.

काव्या आठ नंबरच्या जर्सीत. मला खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण तिची मान मला कळते. डावीकडे, उजवीकडे, बॉल पायात, दिला. डावीकडे, उजवीकडे, दिला. मी ह्यांना कोपर मारून मारून दाखवत होते. हे म्हणाले, "अगं दिसतंय मला, बरगडी मोडशील."

दुसऱ्या हाफमध्ये ती कुणाच्या तरी मागे लांब पळत आली आणि थांबली. वाकली. मग सरळ झाली आणि उजवा तळवा छातीवर सपाट ठेवला, डाव्या बाजूला, जरा खाली. दुसरा हात बाजूला हवेत चाचपडत होता, धरायला काही सापडतंय का म्हणून.

हे मी पाहिलेलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, संजना असाच एक तळवा छातीवर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने भिंत धरायची. मी म्हणायची, काय झालं गं? ती म्हणायची, काही नाही ताई, ऊन लागलं.

तेवढ्यात बॉल काव्याकडे आला. तिने मागे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पाठीमागून एक दांडगी मुलगी धावत आली, हिच्या पायातला बॉल काढून घेतला आणि ही खाली पडली. मग उठली, हसली, अंगठा दाखवला आणि पुन्हा पळायला लागली. मैदानावर कुणाला काही वाटलं नाही. मी शेजारी बघितलं. ह्यांच्या गळ्यात मफलर होता. माझ्या अंगावर शाल होती.

जानेवारीत कसलं ऊन?

एवढा एकच प्रश्न. तो मनात आला आणि पायाखालची जमीनच गेली. अण्णा आठवले, दादा आठवला. उन्हात गेले होते सगळे, पण उन्हाने गेले होते का? त्याच वैशाखात सगळा गाव कलमांना पाणी घालत होता. त्याच साइटवर शेकडो माणसं शिड्या चढत होती. त्याच फाटकाशी कितीतरी आया उभ्या होत्या. फक्त आमचीच माणसं कशी पडली? इतकी वर्षं हे मला का नाही सुचलं, याचा मला इतका राग आला की करंज्यांचा डबा उघडताच येईना.

दुसऱ्या दिवशी टीमला सुट्टी होती. मी शाळेत खोटं सांगून रजा काढली. काव्या घरी आली, सोलकढी प्यायली, सुरमईच्या तीन तुकड्या संपवल्या आणि लहानपणासारखी ओट्यावर चढून बसली. मी सरळ विचारलं, आडवळण मला येत नाही.

"छातीत कधीपासून होतंय?"

ती पाय हलवत होती, ते थांबले. "काय कधीपासून?"

"काव्या, मी तुझ्या आईला जिन्यात बघितलंय. मला शिकवू नकोस."

मग म्हणाली, "सप्टेंबरपासून. कधीतरीच. धडधड होते आणि मग सगळं लांब जातं. दोन सेकंद."

"पडलीस कधी?"

"एकदा. बाथरूममध्ये. रूममेटला म्हटलं, स्लिप झाले."

"आणि तुमचे डॉक्टर काय झोपा काढतात?"

"दरवर्षी चेकअप असतो, मावशी. गेल्या वर्षी हार्टमध्ये थोडं काहीतरी दिसलं होतं. पण ते म्हणाले, अॅथलीट लोकांचं हार्ट असंच असतं, थोडं मोठं. मग विचारलं, फॅमिलीत कुणी अचानक गेलंय का, यंग असताना? मी म्हटलं, आई. पण हीटस्ट्रोकने. दुबईत." तिने खांदे उडवले. "ते म्हणाले, ओके. दुबई म्हटलं की सगळ्यांना पटतं."

आम्ही जे तिला सांगितलं तेच तिने डॉक्टरला सांगितलं होतं. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं बोलले. अण्णा. गणूदादा. जिन्यातला हात. मफलर. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा हळूहळू संजनासारखा होत गेला. हुशार पोरगी, तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता म्हणेल, चल मावशी, डॉक्टरकडे जाऊ.

ती म्हणाली, "मार्चमध्ये सीनियर टीमचा कॅम्प आहे. मोठ्या टीमचा. ऑस्ट्रियाच्या. कोचने सांगितलंय, माझं नाव येणार. दोन मॅचेस आहेत. मावशी, फक्त त्या दोन मॅचेस खेळू दे. मग मी स्वतः जाऊन सांगते. प्रॉमिस."

"आणि त्या दोन मॅचमध्ये पडलीस म्हणजे?"

"तर पडले."

माझा हात वर गेला. मारला नाही, पण गेला. ती ओट्यावरून खाली उतरली, माझा तोच हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. डॉक्टरला सांगायचं नाही. पापालाही नाही."

हे मीच शिकवलेलं होतं तिला. लहान असताना तिने काकांचा चष्मा मोडला की अशीच शपथ घालायची, मावशी, काकांना सांगू नको. मग दिवसभर मी लाडीगोडी लावायची, आणि शेवटी ती म्हणायची, "जा, सुटली." सुटली म्हटलं की शपथ उतरते. न सुटता मोडली, तर जिच्या गळ्याची घातली तिचं बरं होत नाही. लहान मुलांचा खेळ आहे, मला का कळत नाही? पण मी असल्या गोष्टी मानते. कांदा मानत होते तशीच.

"सुटली म्हण," मी म्हटलं.

"नाही."

"काव्या, गुमान सुटली म्हण."

"नो, मावशी." आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "मला दुसरं काही येत नाही गं. मला फक्त हेच येतं."

तिला टॅक्सीत बसवून मी वर आले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिच्या बापाला फोन कर." मी म्हटलं, शपथ आहे. हे म्हणाले, "अगं, तू वेडी आहेस का?" मी म्हटलं, हो, आहे. आणि दुसऱ्या दिवशी बसवर गेले. आता हसा मला.

आमच्या कामात एक नियम आहे. शेवटचं मूल उतरलं की बस बंद करण्याआधी नॅनीने एकदा मागपर्यंत जायचं. प्रत्येक सीट बघायची, सीटखाली वाकून बघायचं. कारण बस बंद झाली आणि आत एखादं झोपलेलं पोर राहिलं, तर ह्या देशातल्या उष्म्यात त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. यहयाभाई सांगतात, अरे बहन, सब उतर गये, मैंने देखा. पालक सांगतात, मॅडम, झालं सगळं. कुणी काहीही सांगो, मी जाते. कुणाच्या शब्दावर मी आजवर एकदाही बस बंद होऊ दिलेली नाही.

त्या दुपारी तशीच मागे गेले. वाकून वाकून बघितलं. कुणी नव्हतं. मी शेवटच्या सीटवर बसले आणि मला हुंदका फुटला. दुसऱ्यांच्या पोरांसाठी मी सीटखाली वाकते, आणि माझी पोर आत अडकलीय हे डोळ्यांनी दिसत असून दार लावून घेते? का, तर तिने सांगितलं म्हणून? यहयाभाई मागे आले, घाबरले. मी म्हटलं, "भाई, यल्ला, मुझे टॅक्सी पकड के दो."

टीम उतरलेल्या हॉटेलच्या लॉबीत त्यांची डॉक्टर भेटली. आखूड केसांची, माझ्याच वयाची बाई. माझं इंग्रजी बसपुरतं. तरी मी बोलले. "डॉक्टर, काव्याज मदर, नॉट हीट. वुई सेड हीट. वुई वेअर राँग. माय फादर सेम. माय ब्रदर सेम. ऑल यंग. नाऊ काव्या, सेम." आणि मी माझा तळवा छातीवर सपाट ठेवून दाखवला, आणि दुसरा हात हवेत.

ती बाई उभी होती, ती खाली बसली. एकेकाचं वय विचारलं. मग माझा हात धरून म्हणाली, थँक यू. आणि फोन उचलून काव्याला खाली बोलावलं.

लिफ्टचं दार उघडलं. काव्या बाहेर आली. केस ओले, पायात चपला. मला बघितलं, डॉक्टरला बघितलं, माझा हात डॉक्टरच्या हातात बघितला. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग हॉस्पिटल. तपासण्या, मोठमोठी मशीनं. थॉमस पहिल्या विमानाने आला. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. हृदयाची भिंत जाड होत चालली आहे. रक्तातून येतं, पिढ्यान्‌पिढ्या. जोरात पळताना ठोका चुकतो आणि एखाद्या वेळी परत सापडत नाही. ऑस्ट्रियात गेल्यावर छातीत कातडीखाली एक छोटं मशीन बसवतील. औषधं घेऊन नीट जगता येईल, नोकरी, संसार, सगळं.

"आणि फुटबॉल?" काव्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, नाही.

"दोन मॅचेस?"

नाही.

"हाफ?"

डॉक्टरांनी मानेनेच नाही म्हटलं. तिने मान डोलावली, कुणीतरी पत्ता सांगितल्यासारखी.

त्यांनी माझीही तपासणी केली, मी तिची सख्खी मावशी म्हणून. माझं हृदय ठणठणीत निघालं. पन्नाशी उलटलेली, जिना चढताना कुरकुरणारी, कुणाच्या कामाची ना धामाची मी, आणि माझं हृदय एक नंबर! देवाला जरा तरी लाज? मी काव्याला सांगितलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "गुड फॉर यू."

थॉमस माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. मी त्याला वरण-भात वाढला. त्याने कालवला, पण घास उचलला नाही. म्हणाला, "कावेरी, मी तिला उन्हापासून लांब नेलं होतं." एवढा उंच माणूस, ताटावर वाकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्याला काय सांगणार होते मी? पोर उन्हातून वाचली म्हणून मीही देवासमोर पेढे ठेवले होते.

टीम कॅम्प संपवून निघून गेली. काव्या आणि थॉमस दोन दिवस आमच्याकडे राहिले. ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला बोलावलं की जेवायची, ताट उचलून ठेवायची, थँक यू म्हणायची. थँक यू! माझ्या घरात! एकदाच फुटली, बॅग भरताना. "लोक विचारतील, विसाव्या वर्षी का सोडलंस, तेव्हा काय सांगू? माझ्या मावशीने शपथ मोडली म्हणून?"

"सांग," मी म्हटलं. "तेच सांग. वर हेही सांग की मावशी पुन्हा मोडेल."

"तुला कळतच नाही."

"नाही कळत. तू म्हातारी होईपर्यंत मला शिव्या दे, मला चालेल. पण म्हातारी हो."

तिने किटची बॅग उघडली, आत खाली हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला एक लहानसा कांदा बाहेर काढला. सालं सुटलेला, वर हिरवा कोंब आलेला. तो तिने माझ्या ओट्यावर ठेवला आणि बॅगेची चेन लावली. मी तो तिथून अजून हलवलेला नाही.

एअरपोर्टवर हे आणि मी दोघंही गेलो. थॉमसने मला मिठी मारली. काव्याने काकांना मारली. माझ्यासमोर आली तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, "बाळा, माझ्यावर राग ठेव. पण ती शपथ तेवढी सुटली म्हण. मला झोप लागत नाही गं. मी मोडली आहे, तुझ्या गळ्याची आहे, आणि तिकडे तुझ्या छातीत मशीन घालणार आहेत. एकदा म्हण."

ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मग तिने हात सोडवून घेतले, बॅग उचलली आणि थॉमसच्या मागे आत चालू लागली.

जिथपर्यंत आम्हाला जाऊ देतात तिथे मी उभी राहिले. ती लांब जात होती, निळं जाकीट, भुरकट वेणी. मी तिची मान बघत होते. माणसांच्या गर्दीतून चालली होती, ट्रॉल्या मागून येत होत्या, पोरं मध्येच धावत होती. जी पोर दूध आणायला जातानाही मागे वळून बघायची, तिची मान ताठ होती. एकदासुद्धा वळली नाही. हे म्हणाले, "चल आता, जाऊ दे तिला." मी हलले नाही. ती आतल्या रांगेच्या वळणाशी पोचली. आणखी दोन पावलं, की दिसेनाशी.

मग मी ओरडले. बसमधला नव्हे, खिडकीतला आवाज. "काव्या! मागे बघ!"

अख्खं एअरपोर्ट वळलं. पोलीस वळला. फिलिपिनो मुली वळल्या, एक अरबी म्हातारा छातीला हात लावून उभा राहिला. आणि तिची मान वळली. आधी डावीकडून, मग उजवीकडून, झटकन, जशी वर्षानुवर्षं वळत आली तशी. राग आठवायला तिला वेळच मिळाला नाही. क्षणभर ती खालच्या रेतीतली माझी आठ वर्षांची पोर होती, कुठून गाडी येतेय ते शोधणारी.

मग तिला मी दिसले. तिला आठवलं. तिचा चेहरा पुन्हा मिटला, आणि ती वळणावरून आत गेली.

सुटली म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. थॉमस कळवतो, मशीन बसवलं, बरी आहे, कॉलेजला जाते, कुणाशी फार बोलत नाही. मॅच लागली की टीव्ही बंद करते. मार्चमधल्या त्या दोन्ही मॅचेस मी मात्र फोनवर बघितल्या. आठ नंबरला कुणी दुसरीच मुलगी होती. चांगली खेळते. पण बॉल यायच्या आधी ती मागे बघत नाही, आणि मी इथे अल कुसैसमध्ये, फोन हातात धरून, तिच्यावर ओरडत होते.